मालिकांच्या पलीकडचा तुर्की सिनेमा

तळ्यातमळ्यात

आमच्या घरी रात्रीचं जेवण सध्या तुर्की मालिकांच्या वेळापत्रकावर चालतं. आईचं वेड जुनं, २०१५ मध्ये झिंदगी वाहिनीवर 'फेरिहा' आणि 'फातमागुल' हिंदीत लागायला लागल्या तेव्हापासूनचं. बायकोला ते ओटीटीमुळे लागलं. त्यामुळे तुर्की म्हटलं की बॉस्फरसकाठचा बंगला, वॉचमनची हुशार मुलगी, श्रीमंत बापाचा वाया गेलेला मुलगा आणि एकेका कटाक्षावर तीन मिनिटं रेंगाळणारा कॅमेरा एवढंच डोळ्यांपुढे येतं. माझी तक्रार नाही. 'हे काय बघता' म्हणत मीही बघतच असतो.

पण या मालिका ज्या सिनेमाच्या नाती आहेत, त्या आजीची ओळख आपल्याकडे फार थोड्यांना आहे, म्हणून मंचावर हा चर्चेचा धागा. इस्तंबूलच्या बेयोग्लू भागात येशिलचाम नावाची गल्ली आहे. निर्मात्यांच्या कचेऱ्या तिथे होत्या, म्हणून अख्ख्या धंद्यालाच ते नाव पडलं. १९७२ च्या आसपास तिथून वर्षाला जवळजवळ ३०० सिनेमे निघत. बहुतेक मसाला, गल्लाभरू. पण त्याच धंद्यात राहून, तेच लोकप्रिय नटनट्या घेऊन काही लोकांनी कष्टकऱ्यांच्या जगण्यावर असे सिनेमे केले की आज पन्नास वर्षांनीही ते कुठे सैल पडत नाहीत.

मला त्यात एक समान सूत्र सापडतं. या सिनेमांत प्रेम भरपूर आहे, पण त्याचा निकाल पैशाच्या, पाण्याच्या, जमिनीच्या हिशेबात लागतो. कोण राबलं, कोणाच्या नावावर काय आहे, कोणाच्या उपचाराला पैसे काढायचे आणि कोणाच्या नाही. आणि हा हिशेब मांडताना चांगला दिग्दर्शक डोळ्यांत पाणी आणत नाही. (स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरावं.)

सुरुवात लुत्फी अकादच्या 'गेलिन'पासून (१९७३). गेलिन म्हणजे सून. योझगातहून एक कुटुंब इस्तंबूलला आलंय. सासरे, सासू, दोन मुलगे, दोन सुना. गेजेकोंदू वस्तीत, म्हणजे रातोरात उभ्या राहिलेल्या घरांच्या वस्तीत, किराणा दुकान टाकलंय. धाकटी सून मेरयेम (हुल्या कोच्यीत) हिचा मुलगा उस्मान सारखा आजारी. शेजारीण कारखान्यात कामाला जाते, चार लोकांत वावरणारी. तिच्या आधाराने मेरयेम त्याला डॉक्टरकडे नेते. डॉक्टर सांगतात, हृदयाला दोष आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल.

घरात पैसे नाहीत असं नाही. पण सासऱ्यांना चांगल्या वस्तीत मोठं दुकान घ्यायचंय. घरातला सगळा पैसा त्यात. मुलाचं काय, पोरं आजारी पडतातच, हिंडतंय-फिरतंय की! अकादने सासऱ्याला राक्षस केलेलं नाही, आणि इथेच तो मला मोठा वाटतो. तो म्हातारा खरोखर घराच्या भल्याचाच विचार करतोय. गावाकडून उठून आलेल्याला शहरात एकदाच संधी मिळते, ती सुटली की सुटली, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दुकान झालं की मग मुलाचं बघू. त्या 'मग'मध्ये पोर जातं, आणि जातं तेही कुर्बानीच्या सणाला.

मेरयेम दुकान पेटवून देते. नंतर ती कारखान्यात कामाला लागते, म्हणजे घराच्या लेखी अब्रू गेली. नवऱ्याला, वेलीला, तिला संपवायला पाठवतात. तो कारखान्यापाशी जातो, तिला बघतो, आणि आपल्यालाही इथे काम मिळेल का म्हणून विचारतो. मिठी नाही, व्हायोलिन नाही. प्रेमकथेचा शेवट नोकरीच्या चौकशीवर करायला छाती लागते.

याच मालेतले पुढचे दोन: 'द्युयुन' (१९७३) मध्ये उर्फाहून आलेली, आईबाप नसलेली भावंडं. भावांना धंद्याला भांडवल हवं, ते बहिणींच्या लग्नात मुलाकडून मिळणाऱ्या रकमेतून उभं करायचं. 'दियेत' (१९७४) मध्ये कारखाना, हात तोडणारं यंत्र आणि युनियन. तिन्हींत हुल्या कोच्यीतच आहे, पण गोष्टी वेगवेगळ्या. 'दियेत' जरा भाषणबाजीकडे झुकतो, आधीचे दोन मात्र चुकवू नका.

तुम्ही काय काय पाहिलंय, लिहा.


मोगरा_फुलेना

छान धागा. 'गेलिन' बघितला नाही, यादीत टाकला.

पण रडण्याबद्दल तुम्ही जे नाक मुरडलंय ते पटलं नाही हो. चाआन इरमाकचा 'बाबाम वे ओलुम' (२००५) पाहिलाय का? 'माझे वडील आणि माझा मुलगा'. सादिक शिकायला इस्तंबूलला जातो. वडिलांना हवं होतं की त्याने शेतीचं शिकून घरची शेती बघावी, तो डाव्या चळवळीतला पत्रकार होतो. १२ सप्टेंबर १९८० ची पहाट, लष्कराने सत्ता घेतलीय, रस्ते ओस पडलेत. बायकोला कळा सुरू झाल्या आहेत आणि हॉस्पिटलात न्यायला एक गाडी मिळत नाही. उघड्यावर बाळंतपण होतं. मूल जगतं, ती जाते. पुढे तुरुंग, छळ. काही वर्षांनी हा पोखरलेला माणूस पोराला घेऊन एजियन किनाऱ्याकडच्या गावी, वडिलांच्या दारात उभा राहतो.

वडील चेतिन तेकिंदोर. त्यांचा ताठा, अबोला, जेवणाच्या टेबलावर मुलाकडे न बघणं! आजी मात्र एकीकडे ओरडते, एकीकडे नातवाला भरवते. तुर्कस्तानात लोक थिएटरात हमसून हमसून रडले असं म्हणतात, आणि रडणारच. त्या पहाटेनंतर लाखो लोकांना अटक झाली. किती घरांत त्याबद्दल कधी मोठ्याने बोललं गेलं असेल? पंचवीस वर्षं कोंडलेलं जर सिनेमाच्या अंधारात बाहेर पडत असेल तर तो दिग्दर्शकाचा हलकेपणा कसा? कोरडा सिनेमा म्हणजेच थोर सिनेमा, हा आपल्या फिल्म सोसायटीवाल्यांचा जुना सोवळेपणा आहे.


तळ्यातमळ्यात

मोगराताई, पाहिलाय आणि रडलोयही. माझा आक्षेप असा आहे की त्यात बंड, छळ, राजकारण सगळं बाप-लेकाच्या समेटाला खतपाणी म्हणून येतं. सादिक नेमका कशासाठी लढत होता हे शेवटपर्यंत कळत नाही. वडील विरघळले की प्रेक्षकाच्या लेखी १९८० चा हिशेब मिटला. तो मिटलेला नाही ना!


मोगरा_फुलेना

पोराला आजोबांच्या हवाली करून बाप मरतो, यात मिटलं काय? असो. आपण दोघं यावर भांडत राहू.


बांधावरून

मी लिहीत नाही फारसा, वाचत असतो. 'सुसुझ याझ' कुणीच कसा काढला नाही अजून? कोरडा उन्हाळा. मेतिन एर्कसानचा, १९६४ ला बर्लिन महोत्सवात गोल्डन बेअर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळालेला. कृष्णधवल आहे. मधे त्याची प्रत नीट दुरुस्त केली, आता स्वच्छ बघायला मिळतो.

गोष्ट इझमीरकडच्या गावातली. उस्मान आणि हसन दोघे भाऊ. झरा त्यांच्या रानात. आजवर पाणी खाली सगळ्या गावाच्या रानांना जायचं. उस्मान म्हणतो, झरा माझ्या जमिनीत, पाणी माझं. आधी माझं भिजणार, उरलं तर तुम्हाला. आणि बांध घालतो.

आमची विहीर सामाईक आहे, चार हिस्से. त्यामुळे मला तो सिनेमा बघताना अंगावर काटा आला. रात्रीची पाळी, दारं धरताना कानोसा घेणं, वरच्याने पाट फोडला की काय म्हणून बॅटरी घेऊन बांधाबांधाने जाणं. एर्कसानला हे कुठून कळलं माहीत नाही, पण पाटाचं दार उचललं की पाणी आधी थबकतं आणि मग एकदम सुटतं, ते त्याने किती वेळा दाखवलंय बघा. कोरड्या सरीत पाण्याचं तोंड शिरतं, पुढे पालापाचोळा, फेस. शेतकऱ्याला त्या दृश्यात सगळं कळतं, संवादाची गरज नाही.

भांडणात उस्मानच्या हातून खून होतो. तो धाकट्याला गळ घालतो, तू तरुण आहेस, शिक्षा कमी होईल, तू अंगावर घे. हसन जेलात जातो. इकडे उस्मानची नजर आधीपासून भावाच्या बायकोवर, बहारवर. पुढे हसन मेला म्हणून खोटं सांगतो. पाणी, भाऊ, बाई, सगळं 'माझ्या रानातलं, माझंच' या एका हिशेबात बसवतो. शेवटी मरतो तो पाण्यातच, आणि त्याचं प्रेत त्याच पाटातून वाहत खाली गावाकडे जातं.


तळ्यातमळ्यात

बांधावरून, अहो लिहीत जा की! पाटाचं निरीक्षण मला कधीच सुचलं नसतं.

थोडी भर: एर्कसानचे मालकीहक्कावरचे तीन सिनेमे एकत्र धरतात. 'यिलानलारिन ओजू' (१९६२) जमिनीवर, 'सुसुझ याझ' पाण्यावर, 'कुयू' (१९६८) बाईवर. आणि बहारचं काम करणारी पोरगी म्हणजे हुल्या कोच्यीत, तिचा हा पहिलाच सिनेमा. दहा वर्षांनी तीच 'गेलिन'मध्ये दुकान पेटवते.

उस्मान झालेला एरोल ताश हा येशिलचामचा ठरलेला खलनायक. पण इथे चटक लागल्यासारखं त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं.


जुनी_रिळं

मंडळी, यिलमाझ ग्युनेचं नाव निघेपर्यंत गप्प बसायचं ठरवलं होतं, पण राहवत नाही. आमच्या पिढीला तुर्की सिनेमा म्हणजे ग्युने.

जन्म १९३७, अदानाजवळच्या खेड्यात, कुर्द घरात, म्हणजे वेगळी भाषा बोलणाऱ्या अल्पसंख्य समाजात. साठच्या दशकात तो मारधाडपटांचा हिरो होता. देखणा नाही, म्हणून लोकांनी प्रेमाने नाव ठेवलं, कुरूप राजा. रिक्षावाले, हमाल, कापूस वेचणारे यांना पडद्यावर पहिल्यांदा आपल्यासारखा चेहरा दिसला. आणि या माणसाने कीर्ती शिगेला असताना १९७० मध्ये 'उमुत' काढला. उमुत म्हणजे आशा.

जब्बार अदानात घोडागाडी चालवतो. दोन मरतुकडे घोडे, बायको, आई, पाच पोरं, डोक्यावर देणी, खिशात लॉटरीची तिकिटं. एक दिवस उभ्या गाडीला मोटार धडकते आणि एक घोडा मरतो. पोलीस चौकीत मोटारवाला साहेब खुर्चीत, जब्बार उभा. चूक त्याचीच ठरते. मेलेला घोडा तो गावाबाहेर नेऊन टाकतो, ते दृश्य मी विसरू शकत नाही. पुढे घेणेकरी उरलेला घोडा आणि गाडीही नेतात. मग मित्र हसनच्या नादी लागून, एका मांत्रिक होजाला घेऊन तो गुप्तधन शोधायला निघतो. वाळक्या झाडाखाली खणतात, खणतच राहतात. शेवटी जब्बारच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली आणि तो खड्ड्याभोवती गोल गोल फिरतोय.

सेन्सॉरने बंदी घातली. प्रत चोरून फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाला गेली. बंदी कशासाठी? ना त्यात लाल झेंडा, ना घोषणा. गरीब माणूस गरीबच राहतो एवढंच दाखवलं होतं.

पुढचं अनेकांना ठाऊक असेल. १९७४ मध्ये युमुरतालिकला एका न्यायाधीशाच्या खुनाबद्दल तो तुरुंगात गेला, एकोणीस वर्षांची शिक्षा. आणि तुरुंगातून त्याने सिनेमे केले! पटकथा लिहायची, प्रत्येक दृश्याच्या बारीक सूचना द्यायच्या आणि बाहेर मित्राने चित्रण करायचं. 'स्युरू' (१९७८) झेकी ओक्तेनने केला, 'योल' (१९८२) शेरिफ ग्योरेनने. १९८१ मध्ये तुरुंगातून रजेवर सुटला तो परत गेलाच नाही, देश सोडला. 'योल'ची रिळं स्वित्झर्लंडला पोचवली, तिथे संकलन केलं आणि १९८२ ला कानमध्ये पाम दोर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, कोस्टा-गाव्रासच्या 'मिसिंग'बरोबर विभागून. तुर्कस्तानात 'योल' दाखवायला १९९९ उजाडलं. तोवर ग्युने जाऊन पंधरा वर्षं झाली होती. १९८४ ला पॅरिसमध्ये गेला, तिथल्याच पेर लाशेझ दफनभूमीत आहे.

'योल' सगळे बघतात. मी सांगेन, 'स्युरू' आधी बघा. स्युरू म्हणजे कळप. धनगर कुटुंब मेंढ्या विकायला रेल्वेने अंकाराला निघालंय. शिवानची बायको बेरिवान वैऱ्याच्या घरातली, तिची मुलं जगत नाहीत आणि तिने बोलणं सोडलंय. सासरा हामो (तुंजेल कुर्तिझ, काय माणूस!) सगळ्या अरिष्टांचं खापर तिच्यावर फोडतो. शिवानला तिला अंकाराच्या डॉक्टरला दाखवायचंय, म्हणून तो बापाची बोलणी खात मेंढ्यांबरोबर जातो. वाटेत जो तो हात पुढे करतो, कोणाला पैसे, कोणाला मेंढी. डब्यात आधी विषारी पावडर वाहून नेलेली, त्यात मेंढ्या पटापट मरतात. कळप गळत जातो आणि प्रत्येक मेंढीबरोबर बेरिवानच्या उपचाराचे पैसेही. ती अंकारात मरते, बांधकाम चाललेल्या इमारतीत. शिवान धनिकाच्या अंगावर धावून जातो आणि पकडला जातो. हामो राजधानीच्या गर्दीत हरवतो. ज्या म्हाताऱ्यापुढे अख्खं कुटुंब चळाचळा कापत होतं त्याला फुटपाथवर कोणी वाट देत नाही. ही सगळी माणसं कुर्द, पण बोलतात तुर्की, कारण तेव्हा कुर्द भाषेत सिनेमा काढणं शक्यच नव्हतं.


श्रावणी_क

जुनी_रिळं काका, माहितीबद्दल आभार, पण मला एक खुपतं. न्यायाधीशाचा खून एका वाक्यात आला आणि गेला. एका माणसाचा जीव गेला होता. ग्युनेबद्दलच्या प्रत्येक लेखात तो 'आणि मग तुरुंगात गेला' एवढाच येतो, जणू कवितेमुळे आत टाकलं होतं.

दुसरं, 'योल'. पाच कैदी आठवडाभराच्या रजेवर घरी जातात. सय्यत अलीच्या बायकोला, झिनेला, घराण्याची अब्रू घालवली म्हणून माहेरच्यांनी साखळीने बांधून ठेवलंय. मारायचं काम नवऱ्याचं. तो तिला आणि मुलाला घेऊन बर्फातून निघतो. तिच्या अंगावर धड कपडे नाहीत. ती कोसळायला लागते तेव्हा त्याचं मन फिरतं, झोपू नये म्हणून तो तिला पट्ट्याने मारतो, पाठीवर घेतो, पण उशीर झालेला असतो. ते सगळं त्याच्या डोळ्यांनी दिसतं. त्याची घालमेल, त्याचा पश्चात्ताप. झिनेला काय वाटलं? तिला बोलायला किती वाक्यं आहेत? बायका मरतात आणि पुरुषांना जाणीव होते, हे या थोर सिनेमांत जरा जास्तच वेळा घडतं. बेरिवान तर बोलतच नाही.


जुनी_रिळं

श्रावणी, मुद्दा बिनतोड आहे. खुनाबद्दल तुझं म्हणणं मान्य, त्याच्या भक्तांनी त्यावर पांघरूणच घातलं. पण 'योल'मध्ये मला ग्युने पुरुषांना सोडतोय असं वाटत नाही. तो दाखवतो की सरकारच्या तुरुंगातून माणसाला रजा मिळते, घराच्या तुरुंगातून नाही, आणि तिथे कैदी स्वतःच पहारेकरी होतो. मेवलुतचं बघ. लग्न ठरलेल्या मुलीला भेटायला आलाय तर मागे दोन काळ्या बुरख्यातल्या बायका पहाऱ्याला. तो चिडतो, आणि लगेच त्याच मुलीला लग्नानंतर माझं कसं ऐकायचं याचे नियम सांगतो! हसू येतं आणि घशात अडकतं.


श्रावणी_क

ते मेवलुतचं खरंय. तो भाग मला सगळ्यात आवडला होता.

बाईच्या बाजूने बघायचं तर 'सेल्वी बोयलुम आल याझ्मालिम' (१९७७) घ्या. अतिफ यिलमाझचा. मूळ कथा किरगिझ लेखक चिंगिझ ऐत्मातोवची. आस्या (तुर्कान शोराय), लाल रुमालवाली. ट्रक ड्रायव्हर इल्यास (कादिर इनानिर) तिला पळवून नेऊन लग्न करतो. देखणा, मस्तीखोर, ट्रकवर प्रेम करणारा. नोकरीत अपमान होतो, दारू, दुसरी बाई. आस्या तान्ह्याला घेऊन निघते आणि जमशितच्या (अहमेत मेकिन) आसऱ्याला येते. हा रस्त्याच्या कामावरचा मुकादम, वयाने मोठा, गप्प. तो काही मागत नाही. मुलाला चालायला शिकवतो, आजारात उशाशी बसतो. मूल त्याला बाबा म्हणायला लागतं. आणि वर्षांनी इल्यास परत येतो.

आस्याचं मन अजून इल्याससाठी धडधडतं, सिनेमा ते लपवत नाही. पण ती मनात स्वतःला विचारते, प्रेम म्हणजे काय होतं? आणि तिचं उत्तर येतं, कष्ट. ती जमशितकडे राहते. तळ्यातमळ्यात, तुमच्या 'कोण राबलं' या हिशेबात हे चपखल बसतं, फक्त इथे हिशेब बाई मांडते. अजून तुर्कस्तानात लोक त्यावर वाद घालतात, ती बरोबर की चूक.


चहाबिस्किट

इल्यासला सोडलं ते बरंच केलं. (आमच्याकडे मात्र बहीण आणि मी दोन गटांत.) जाहित बेर्कायचं संगीत ऐका त्यातलं, नुसतं लावून बसावं.

अवांतर: राज कपूरचा 'आवारा' तुर्कस्तानात पन्नासच्या दशकात तुफान चालला होता. १९६४ मध्ये तिथे 'आवारे' नावाने त्यांनी स्वतःची आवृत्तीही काढली, सादरी आलिशिकला घेऊन. तेव्हा रडवण्याच्या खात्यात आपलाही थोडा हात आहे!


डुलकीबहाद्दर

नुरी बिल्गे जेलान राहिला की! त्याचे सगळे सिनेमे मी बघितलेत, म्हणजे तुकड्यातुकड्याने, मधल्या डुलक्या धरून. 'विंटर स्लीप'मध्ये नावाला जागलो.


तळ्यातमळ्यात

हाहा. तुम्ही 'उझाक' (२००२) बघा, तो दीड-पावणेदोन तासांचा आहे, आणि या धाग्यात तोच बसतो. 'गेलिन'मध्ये अख्खं कुटुंब गावाहून येतं, इथे एकटा युसुफ येतो. २००१ च्या आर्थिक संकटानंतरचे दिवस, गावातला कारखाना बंद, आता जहाजावर नोकरी मिळवायचीय. उतरतो तो नातलग महमूतकडे. हा फोटोग्राफर, कधीकाळी स्वतःही गावाहूनच आलेला, आता टाइल्सच्या जाहिरातींचे फोटो काढतो.

दोघांत भांडण असं होतच नाही. महमूत त्याचे बूट कपाटात टाकून वर वास घालवणारा स्प्रे मारतो. सिगरेट ओढायची तर स्वयंपाकघरात. रात्री टीव्हीवर तारकोव्हस्की या रशियन दिग्दर्शकाची संथ फिल्म लावतो, युसुफ कंटाळून झोपायला गेला की कॅसेट बदलून निळी फिल्म. (डुलकीबहाद्दर, तुम्ही एकटे नाही.) एका रात्री स्वयंपाकघरातल्या चिकट पट्टीवर उंदीर अडकतो आणि चीं चीं करत राहतो. महमूत म्हणतो, सकाळी बघू. युसुफला ते ऐकवत नाही. तो उंदराला पिशवीत घालून खाली कचऱ्यात ठेवतो. मांजरं जमतात. तो परत वळतो, पिशवी उचलतो आणि भिंतीवर आपटून आपटून त्याचा जीव संपवतो. महमूत हे वरून खिडकीतून बघतो. गावचं माणूस आणि शहरी झालेलं माणूस यांच्यात काय उरलंय आणि काय गेलंय, हे मला त्या एका मिनिटात कळलं.

युसुफ झालेला मेहमेत एमिन तोप्राक जेलानचा चुलतभाऊ. सिनेमा पुरा झाल्यावर थोड्याच दिवसांत मोटार अपघातात गेला. २००३ ला कानमध्ये दोघा नटांना मिळून अभिनयाचं पारितोषिक मिळालं, ते घ्यायला तो नव्हता.


मोगरा_फुलेना

उंदराच्या दृश्यानेच मी 'उझाक' बंद केला होता. आता पुन्हा लावेन.

'एश्किया'ला (१९९६) विसरू नका. एश्किया म्हणजे डाकू. यावुझ तुर्गुलचा. बारान (शेनेर शेन) पस्तीस वर्षांनी जेलातून सुटतो आणि गावी जातो, तर गाव धरणाच्या पाण्याखाली. त्याच्याशी दगा केला जिवलग मित्राने, पोलिसांना खबर देऊन सोनं हडपलं आणि त्याच सोन्यावर केजेला तिच्या बापाकडून विकत घेतलं. बारान तिला शोधत इस्तंबूलला. केजेने तेव्हापासून कोणाशीच बोलणं सोडलेलं. श्रावणी, आणखी एक अबोल बाई! पण तिचा अबोला हे तिचं हत्यार आहे. हॉलिवूडच्या लाटेत तुर्की प्रेक्षकांनी स्वतःच्या सिनेमाकडे पाठ फिरवली होती, त्यांना हाच थिएटरात परत घेऊन आला.


राईनकाठी

इथे कोलोनला आमच्या इमारतीत निम्मी घरं तुर्की. खालच्या मजल्यावरचे आजोबा गाडी कारखान्यातून निवृत्त. जर्मनी-तुर्कस्तान कामगार करार १९६१ चा, त्यानंतर आलेल्यांपैकी. त्यांना मी ग्युनेबद्दल विचारलं तर म्हणाले, तो आमचा होता, आणि विषय बदलून हुल्या कोच्यीतवर आले.

त्यांच्याचमुळे 'आलमान्या आजी वतन' (१९७९) पाहिला. शेरिफ ग्योरेनचाच. ग्युलदाने (हुल्याच पुन्हा) बर्लिनला टाइपरायटरच्या कारखान्यात. सुट्टीत गावी येते आणि महमूतशी लग्न करते, पैसे घेऊन, त्याला जर्मनीत शिरता यावं म्हणून. नुसतं कागदावरचं. नंतर तिचाच जीव त्यात गुंततो. कारखान्यातल्या यंत्राचा ठेका तिच्या डोक्यात बसतो आणि घरी आली तरी हात तसेच चालतात. आजोबा त्या जागी हसले नाहीत, मान हलवत राहिले.


श्रावणी_क

राईनकाठी, आता अलीकडच्या दिग्दर्शिकांकडे वळू या का? 'मुस्तांग' (२०१५) भारतात बऱ्याच जणांनी पाहिलाय. काळ्या समुद्राकाठच्या गावातल्या पाच बहिणी, खिडक्यांना गज, एकेकीचं लग्न. मला आवडतो, पण तुर्कस्तानातल्या अनेकांना त्या पोरी गावच्या वाटल्याच नाहीत. बोलणं इस्तंबूलचं, पैसा फ्रान्सचा. ऑस्करलाही तो फ्रान्सकडून गेला.

त्यापेक्षा येशिम उस्ताओग्लूचा 'ग्युनेशे योल्जुलुक' (१९९९). मेहमेत एजियनकडच्या तिरे गावचा, तुर्क. इस्तंबूलच्या रस्त्यांखाली पाण्याची गळती शोधायचं काम करतो, रात्री जमिनीला कान लावत हिंडतो. रंग सावळा, म्हणून पोलीस त्याला कुर्द समजून पकडतात. सुटून येतो तर खोलीच्या दारावर लाल फुली. नोकरी जाते, घर जातं. त्याचा मित्र बेर्झान, कॅसेट विकणारा, खरा कुर्द, तो मारला जातो. मेहमेत त्याची शवपेटी घेऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्याच्या गावी, झोरदुचला निघतो. ते गावही पाण्याखाली! 'एश्किया'सारखंच. तो पेटी पाण्यावर सोडून देतो. मेहमेत कुर्द होत नाही, पण आता कोणी विचारलं तर तो झोरदुचचा आहे असं सांगतो.


बांधावरून

पाणी काही सुटत नाही या लोकांचं. मी मागच्या महिन्यात 'कुराक ग्युनलेर' (२०२२) पाहिला, एमिन आल्परचा. 'सुसुझ याझ'ला साठ वर्षं होऊन गेली आणि प्रश्न तिथेच. फक्त झरा नाही उरला, बोअर आहे. गावाला पाणी नाही, नगराध्यक्ष निवडणुकीआधी भूगर्भातलं पाणी उपसून देतोय आणि त्यापायी रानात प्रचंड खड्डे पडताहेत, जमीनच खाली बसतेय. नवा तरुण सरकारी वकील त्याची चौकशी करायला जातो तर त्यालाच गाव कोंडीत धरतं. आणि गंमत म्हणजे उस्मान एकटा होता, गाव त्याच्या विरोधात होतं. इथे अख्खं गावच उस्मान झालंय, सगळ्यांना पाणी पाहिजे, आज पाहिजे.

आमच्याकडे आठशे फुटांवर गेलेत. जास्त बोलत नाही.


तळ्यातमळ्यात

'अख्खं गावच उस्मान' हे लाख बोललात. त्या सिनेमाला सांस्कृतिक मंत्रालयाने आधी पैसे दिले आणि नंतर व्याजासकट परत मागितले, म्हणजे झोंबलं असणार.

आल्परचाच 'किझ कार्देश्लेर' (२०१९) पण बघा. डोंगरातल्या गावच्या तीन बहिणी, शहरातल्या बड्या घरी 'वाढवायला' म्हणून दिलेल्या, म्हणजे घरकामाला, आणि एकेक करून परत पाठवलेल्या. तिघी एकमेकींशी भांडताहेत की आता पुन्हा जायची पाळी कोणाची. घरी राहायचं कोणालाच नाही.


राईनकाठी

आजोबांनी आज तुंच ओकानचा 'ओतोबुस' (१९७४) काढून दिला. कामाच्या आशेने निघालेले तुर्की खेडूत, दलाल त्यांचे पैसे आणि पासपोर्ट घेऊन बस स्टॉकहोमच्या भर चौकात उभी करून पसार. दिवसभर पडदे ओढून आत, रात्री अन्न आणि आडोसा शोधायला बाहेर. परदेशी गेलेल्यांच्या सिनेमांबद्दल इथेच लिहू का? बरंच आहे, जर्मनीतला तुर्की वंशाचा दिग्दर्शक फातिह आकिनही त्यात येईल.


तळ्यातमळ्यात

इथे नको, वेगळा धागा काढा आणि दुवा द्या. आणि आजोबांना विचारा, जमशित की इल्यास?


राईनकाठी

विचारलं. आजोबा म्हणाले जमशित. आजी आतून ओरडल्या, इल्यास.